पैलवान डालग्याखाली

आमच्या आणि काकींच्या घरांमध्ये चिऱ्याचा गडगा आहे, कमरेएवढा. मधले दोन चिरे कधीचेच ढळलेत. त्या खाचेत काकी सकाळी चहाची कपबशी ठेवतात, मी तुळशीला पाणी घालून तिथे टेकते, आणि मग साडेआठ कधी वाजतात ते कळत नाही. कुणाची विहीर आटली, कुणाच्या कलमांना यंदा मोहोरच आला नाही, कुणाची सून माहेरी जाऊन महिना झाला, सगळं आधी त्या चिऱ्यांवर येतं. पण यंदा जूनमध्ये तीन आठवडे आम्ही माणसांबद्दल चकार शब्द काढला नाही. बोललो ते माझ्या पडवीतल्या खोक्यातल्या पंचवीस पिल्लांबद्दल. भानगडी त्याच होत्या म्हणा.

आगोटीच्या गडबडीत, फाटी भरायची बाकी असताना, ह्यांनी तालुक्याहून एक दिवसाची पंचवीस पिल्लं आणली. आरआयआर जातीची, तांबूस, मुठीत मावतील एवढीशी. सोबत पिल्लांच्या खाद्याची पाच किलोची पिशवी आणि ‘सोप्पं असतं सगळं’ हा दुकानदाराचा आशीर्वाद. फ्रीज आला तेव्हाचं खोकं माळ्यावर होतं. ते आडवं कापून तीन फूट बाय दोन फुटांचं घर केलं, खाली भाताचं तूस पसरलं, आणि ह्यांनी वर बल्ब लावला. नऊ वॉटचा एलईडी. का, तर बिल कमी येतं!

काकींनी गडग्यावरून मान लांबवली. ‘अगो, ती थंडीनं ओरडतायत.’

मी म्हटलं, ‘काकी, बल्ब आहे ना.’

‘हात लावून बघ त्या बल्बाला.’

लावला. थंडगार. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही, हे आम्हा दोन पदवीधरांना सातवी शिकलेल्या काकींनी सांगितलं. तोवर पिल्लं एका कोपऱ्यात एकावर एक चढून गोळा झाली होती आणि तळातली दोन सकाळी उठलीच नाहीत. म्हणून तर पोल्ट्रीवाले पिल्लांभोवती पत्र्याचा गोल कठडा लावतात. चिकगार्ड म्हणतात त्याला. गोलाला कोपरा नसतो, त्यामुळे चेंगराचेंगरी होत नाही. आमच्या खोक्याला चार कोपरे होते.

मग घाबरून आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. ह्यांच्या मित्राचा पोल्ट्रीचा व्यवसाय आहे, त्यांच्याकडून अडीचशे वॉटचा पांढऱ्या काचेचा मोठा बल्ब आणला. पडवी अशी उजळली की रस्त्यावरून जाणारे विचारायला लागले, मुंज आहे का घरात. हिशेब नंतर कळला. पिल्लामागे साधारण दोन वॉट धरतात. तेवीस पिल्लांना पन्नास-साठचा बल्ब पुरला असता. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ९५ अंश फॅरनहाइट लागतं आणि पुढे दर आठवड्याला पाच-पाच अंशांनी उतरवायचं. आमच्या खोक्यात जूनची उकाड्याची हवा अधिक अडीचशे वॉट. थर्मामीटर नव्हता, पण त्याचं काम काकी करत होत्या. पिल्लं दिव्याखाली गोळा झाली तर थंडी, भिंतीला चिकटून चोची उघड्या आणि पंख सैल तर उष्णता, सगळी एकाच बाजूला सरकली तर दुसरीकडून वारा येतोय, आणि सांडलेल्या तांदळासारखी सगळीकडे पसरली तर उत्तम. आमची भिंतीला चिकटली होती.

पाचव्या दिवशी टोचाटोची सुरू झाली. आधी पायांच्या बोटांना. एक पिल्लू दुसऱ्याच्या बोटाकडे तिरपी मान करून बघायचं, जणू किडा आहे, आणि टच्च. मी कपाळाला हात लावला, एवढी एवढीशी पोरं आणि आत्ताच भांडणं! काकी म्हणाल्या, ‘भांडत नाहीत, भुकेली आहेत. तुझ्या ताटलीत किती जणांच्या चोची जातात?’ ताटली एकच होती, तीही दिव्याच्या ऐन खाली, जिथे उष्णतेमुळे कुणी जातच नव्हतं. ज्याला खायला सापडत नाही ते चमकेल त्याला चोच मारून बघतं. एवढ्या पांढऱ्या उजेडात गुलाबी बोटं चमकत होतीच. दोन ताटल्या आणखी ठेवल्या, लांब लांब. खाली कागद घालून त्यावर थोडं खाद्य भुरभुरवलं. दिवा हातभर वर टांगला. संध्याकाळपर्यंत बोटं सुटली. मला वाटलं, जिंकलो.

मधल्या काळात काकींनी आणखी एक सांगितलं होतं, ते घाईत का होईना लिहून ठेवते. पिल्लाच्या मागच्या बाजूला शी वाळून चिकटली असेल तर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं पुसून काढायची. एक तर ते पिल्लू तुंबून मरतं, आणि नाही मेलं तर बाकीची तिथेच टोचत बसतात. ओढून काढायची नाही, कातडी निघते.

दहाव्या दिवशी खाद्य संपलं. बाहेर मृगाचा असा पाऊस की सातवीणीच्या खालून रस्ताच दिसेना. तालुक्याला कोण जाणार? घरात तांदळाची कणी होती, ती घातली. आजी घालायची, आई घालायची, कोंबडी कणी खात नाही तर काय खाते? पिल्लं तुटून पडली. पिशवीवर छापलेलं वीस टक्के प्रथिन आणि कणीतलं जेमतेम सात-आठ टक्के, यातला फरक त्या वेळी माझ्या डोक्यात आला नाही. दोन आठवड्यांच्या पिल्लाला अंगभर पिसं फुटत असतात, आणि पीस म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन. आजीची पिल्लं कणी खायची हे खरं, पण ती दिवसभर कोंबडीमागून परसात फिरून किडे, वाळवी, गांडुळं खायची. कणी म्हणजे त्यांचं वरचं खाणं. माझ्या पिल्लांना खोक्यात कुठली वाळवी?

आणि तेराव्या दिवशी आमचे चिरंजीव बुधवारच्या बाजारातून तीन रंगीत पिल्लं घेऊन आले. एक गुलाबी, एक हिरवं, एक निळं. पाहिली असतील तुम्ही, जाळीच्या पाटीत घेऊन फिरतात. अंड्यांच्या पोल्ट्रीत नर पिल्लांचा उपयोग नसतो, तीच रंगात बुडवून पोरांना विकतात. पोर रडलं, बाप विरघळला, आणि मी ती तिन्ही खोक्यात सोडली. वेगळ्या रंगाची, वेगळ्या ठिकाणची, आधीच अर्धमेली. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर नंतर मला यावरून खूप बोलले. बाहेरचं पाखरू आणलं की निदान दोन-तीन आठवडे वेगळं ठेवायचं, नाहीतर त्याच्यासोबत रोग घरात येतो. रोग नाही आला, नशीब. पण तीन फूट बाय दोन फुटांत आता सव्वीस जण झाले.

चौदाव्या दिवशी सकाळी रक्त.

गुलाबी पिल्लाच्या शेपटीशी नुकती फुटलेली कोवळी पिसं उपटलेली होती. कोवळ्या पिसाच्या देठात रक्त असतं. एक उपटलं की लाल ठिपका उमटतो, आणि लाल ठिपका दिसला की तो सगळ्या खोक्याचा खेळ होतो. त्या दिवशी माझं एक तांबूस पिल्लूसुद्धा गेलं, पाठ उघडी पडून. ते चित्र अजून डोळ्यांपुढून जात नाही.

गडग्यावर तातडीची सभा भरली. काकी, मी आणि रस्त्यापलीकडचे निवृत्त गुरुजी, जे वर्तमानपत्र परत द्यायच्या निमित्ताने रोज येतात. सगळ्यांनी खोक्यात वाकून पाहिलं आणि गुन्हेगार लगेच सापडला. इतरांपेक्षा दीडपट मोठं, जाड पायांचं, छाती काढून चालणारं एक पिल्लू. ताटलीवर तेच पहिलं, पाण्यावर तेच पहिलं, आणि गुलाबीच्या मागे मागे तेच. चिरंजीवांनी तिथल्या तिथे नाव ठेवलं, पैलवान. ‘काढ मेल्याला बाहेर,’ काकी म्हणाल्या. डालग्याखाली घातला त्याला. जेलच ते. वर दगड ठेवला.

त्या दुपारी गुरुजींनी आम्हाला ज्ञान दिलं. नॉर्वेत एक मुलगा होता, थॉर्लीफ श्येल्डेरुप-एब्बे. लहानपणापासून तो कोंबड्यांच्या मागे वही घेऊन फिरायचा, कोण कुणाला टोचतो ते टिपून ठेवायचा. मोठा होऊन १९२१ साली त्यानं त्यावर प्रबंध लिहिला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे कळपात उतरंड असते. सर्वांत वरची कोंबडी सगळ्यांना टोचते, दुसरी पहिलीला सोडून बाकीच्यांना, आणि तळातली सगळ्यांचे टोचे खाते. उतरंड एकदा ठरली की मारामाऱ्या उलट कमी होतात, कारण ज्याला त्याला आपलं मडकं कुठलं ते कळतं.

काकी म्हणाल्या, ‘हे शोधायला त्याला कोंबड्या लागल्या? आमच्या सासरी तेरा माणसं होती.’

गुरुजी थांबले नाहीत. म्हणे अमेरिकेत एका गृहस्थानं १९०३ साली कोंबड्यांच्या चष्म्याचं पेटंट घेतलं होतं, दुसरीच्या चोचीपासून डोळे वाचावेत म्हणून. पुढे लाल काचेचे चष्मेही विकले गेले, रक्त दिसू नये म्हणून. काकींना हसता हसता ठसका लागला. ‘मला मोतीबिंदूचा मिळेना नि कोंबडीला लाल काचेचा!’ पण त्या हसण्यातून एक कामाची गोष्ट निघाली. चष्मा नाही तर नाही, दिवा तर लाल काचेचा लावता येतो. लाल उजेडात रक्ताचा लाल ठिपका उठून दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोक्यात डोकावले. पैलवान डालग्याखाली आणि खोक्यात शांतता असायला हवी होती. एक सडपातळ, आजवर कधी नजरेत न भरलेलं पिल्लू हिरव्याच्या पाठीवर चढून त्याची मान टोचत होतं. त्याचं नाव पडलं मुकादम. मुकादमाला काढला असता तर तिसरा उभा राहिला असता, हे मला तेव्हा कळलं. गादी रिकामी राहत नाही. एखाद-दुसरं पिल्लू खरंच खोडील असतं आणि त्याला दोन दिवस बाजूला ठेवलं की परत येतं तेव्हा त्याचा तोरा उतरलेला असतो, असंही होतं. पण सगळं खोकंच टोचायला लागलं असेल तर खोड पिल्लाची नसते.

पोल्ट्रीवाल्या मित्रांनी फोनवर उपाय सांगितला. चोच कापा. अंड्यांच्या मोठ्या पोल्ट्रीत आठवडा-दहा दिवसांच्या पिल्लाच्या चोचीचं टोक तापलेल्या पात्याने उडवतात. पंचवीस पिल्लांसाठी माझ्या हातून ते होणं शक्य नव्हतं, आणि मला ते पटतही नाही. गुरुजींनी आणखी एक भर घातली, त्याच नॉर्वेत आता कोंबडीची चोच कापायला बंदी आहे. हे ऐकून तरी बरं वाटलं.

शेवटी काकीच गडगा ओलांडून आल्या. सत्तरीच्या बाईनं ढळलेल्या चिऱ्यावरून पाय टाकला म्हणजे प्रकरण गंभीर होतं. पडवीत पाटावर बसल्या, पाऊण तास नुसतं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘तू ह्यांना दिवा दिलास, आई नाही दिलीस.’

मला वाटलं आता खुडूक कोंबडी आणायला सांगणार. ती कुठून आणू? पण त्यांचं म्हणणं वेगळं होतं. रवणीवरून उठलेली कोंबडी पिल्लांना ऊब देते, हे सगळ्यांना दिसतं. पण तिच्या पोटाखाली काळोख असतो, तो कुणी धरत नाही. दमलेलं पिल्लू पंखात शिरलं की ते कुणाला दिसत नाही, कुणी त्याला टोचत नाही, ते झोपतं. जागी झालेली आईपुढे जातात, पाय मारून माती उकरतात, त्यांच्या चोचीला काम असतं. झोपलेली आणि जागी वेगळी राहतात. माझ्या खोक्यात चोवीस तास लख्ख उजेड, ना झोपायला आडोसा, ना उकरायला काही. झोपलेल्याच्या अंगावर जागं येऊन पडायचं, आणि जागं काय करणार, समोर दिसेल ते टोचणार. मी इतकी माहितीपत्रकं वाचली होती, सगळी अंशांची आणि वॉटची. काळोखाचं महत्त्व मला काकींनी सांगितलं. मुंबईत आमच्या भाचीनं या विषयावर वाचून सांगितलं की हल्ली संशोधकही पिल्लांसाठी अंधाऱ्या उबाऱ्यांकडे वळलेत आणि त्यात पिसं उपटणं कमी होतं. काकींना सांगितलं तर म्हणाल्या, ‘बरं झालं, त्यांना पटलं.’

मग दोन दिवस आमची पडवी म्हणजे कारखाना झाला. खोकं मोडीत काढलं आणि पडवीच्या निम्म्या भागात पत्र्याचा गोल कठडा उभा केला. दोन-तीन आठवड्यांच्या पिल्लाला अर्धा चौरस फूट तरी लागतो, पुढे पाचव्या-सहाव्या आठवड्याला एक फूट, आणि मी त्यांना पाव फुटात कोंबलं होतं. दिवा लाल काचेचा, शंभराचा, एका टोकाला टांगलेला, म्हणजे दुसरं टोक गार. दिवसा उकाडा असेल तर बंदच. दिव्यापासून लांब, दुसऱ्या बाजूला आंब्याची जुनी पेटी उपडी ठेवली, एक बाजू उघडी, आणि त्या तोंडावर काकींनी आपल्या जुन्या पातळाच्या पट्ट्या झालरीसारख्या सोडल्या. आत काळोख. पहिल्या तासात एकही पिल्लू गेलं नाही. संध्याकाळी पाहिलं तर सोळा जण आत, पट्ट्यांतून फक्त पाय दिसत होते.

खाद्याची पिशवी आली. ती यायच्या आधीच्या दिवशी काकींनी मीठ न लावलेला सुका जवळा कुटून दिला, चिमटीचिमटीने. खारवलेला असेल तर मात्र नको हो, एवढ्याशा जिवाला मीठ सोसत नाही. माठाची जुडी दोरीने पिल्लांच्या डोक्याच्या थोडी वर टांगली, उड्या मारून ओढायला. हिरवं खातात म्हणून थाळीत मूठभर बारीक वाळू. आणि चिरंजीवांनी रोज एक वाळवीचं ढेकूळ शोधून आणायचं, ही त्यांच्या रंगीत खरेदीची शिक्षा. ढेकूळ पडलं की सगळं खोकं, म्हणजे आता कठडा, त्यावर तुटून पडे आणि कुणाला कुणाच्या शेपटीची आठवण राहत नसे.

गुलाबीला जाळीच्या टोपलीत घालून कठड्याच्या आतच ठेवलं. बाकीच्यांनी त्याला बघावं, पण टोचू नये. पार बाहेर नेलं असतं तर परत सोडताना पुन्हा परकं झालं असतं. जखमेवर डॉक्टरांनी दिलेलं जांभळं औषध, ज्याने जंतूही मरतात आणि लालीही झाकते. तरी गुलाबी आणि निळं दोन्ही गेली. ती टोच्यांनी नाही गेली, बाजारातूनच ती संपत आलेली होती. चिरंजीव दोन दिवस बोलले नाहीत. पुन्हा रंगीत पिल्लू आणायचं नाही, हे मला त्यांना सांगावं लागलं नाही.

पैलवानाला तिसऱ्या दिवशी रात्री, सगळे झोपल्यावर, त्या अंधाऱ्या पेटीत हळूच सरकवून दिलं. सकाळी तो बाहेर आला, ताटलीवर गेला, पहिलाच गेला, आणि खाल्लं. बस्स. कुणाला हात, म्हणजे चोच लावली नाही. पुढे महिनाभर छातीला छाती भिडवणं, मानेची पिसं फुलवून समोरासमोर उड्या, हे चालूच होतं, पण ते क्षणात सुटायचं आणि दोघे दोन दिशांना जायचे. तो खेळ. एकच पिल्लू सारखं कोपऱ्यात दबून बसलेलं असलं, खायला येत नसलं, किंवा रक्त दिसलं, तर मात्र बघत बसायचं नाही. हे मी आता गावात चौघींना सांगून चुकले आहे, गडग्याचे आभार.

पाच महिने झाले. बावीस तांबूस आणि एक हिरवा, अशी तेवीस मोठी झाली. पैलवानाचा तुरा वाढेना म्हणून मी वाट बघत होते, आणि परवा दिवशी पैलवानानं भाताच्या तुसात पहिलं अंडं घातलं. तलंग निघाली ती. ते अंडं काकींनी मागून नेलं, ‘शिक्षा मीच दिली होती ना तिला,’ म्हणून.

हिरव्याचा रंग पिसं बदलताना केव्हाच गेला. आता तो पांढराशुभ्र, भला मोठा लाल तुरा मिरवणारा कोंबडा झालाय आणि पहाटे साडेतीनला, बरोबर काकींच्या खिडकीखाली, गडग्यावरच्या त्या ढळलेल्या चिऱ्यांच्या खाचेत उभा राहून आरवतो. चिरंजीव त्याला कापू देत नाहीत. कुणाला पाळायला हवा असेल तर सांगा, काकी स्वतः घरपोच आणून देतील.